भाडं, खंड आणि नफा

भाडं मागायला आलेला माणूस सहसा ‘भाडं’ हा शब्द उच्चारत नाही. जळगाव-धुळ्यात तरी मी असेच घरमालक पाहिलेत. येतात, पाणी पितात, गरमीबद्दल बोलतात आणि चप्पल घालताना म्हणतात, ‘मग तेवढं बघा भाऊ.’ भाऊ अहिराणीत सांगतो, ‘पुढना महिनामा देसू.’ शब्दाला नाव ठेवावं असं खरं तर काही नाही. संस्कृतातल्या ‘भाटका’पासून आलेला हा साधा, कष्टाळू शब्द घर, बैलगाडी, मंडप, भोंगा सगळ्यांना चालतो. रिक्षावाला ‘भाडं मिळालं’ म्हणतो तेव्हा तर भाडं म्हणजे साक्षात आपणच!

खरी गंमत वसुलीच्या शब्दांत आहे. ते बहुतेक दफ्तरातून आलेत, त्यामुळे अरबी-फारसी. वसूल म्हणजे मुळात पोहोचणं. पैसे पोहोचले, एवढंच. त्यात दरडावणं नंतर शिरलं. महसूल म्हणजे हाती आलेलं उत्पन्न. त्याचाच भाऊबंद हशील. ‘बोलून काय हशील?’ म्हणणाऱ्याला आपण सरकारी खात्याच्या नात्यातला शब्द वापरतोय याची गंधवार्ता नसते. महसुलाचा अर्थ मात्र इथल्या शेतकऱ्याला कधी शिकवावा लागला नाही. 1852 साली इंग्रजांनी जमिनी मोजायला घेतल्या, तेव्हा सावदा-एरंडोलकडे लोक उठले. आज साखळी पडते, उद्या सारा वाढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

जमिनीला ‘भाड्याने दिली’ कुणी म्हणत नाही. पुस्तकी शब्द ‘खंड’. खंडणे म्हणजे रक्कम एकदाची ठरवून टाकणे. ‘खंडणी’ही तिथलीच. एका राजाने दुसऱ्याकडून उघडपणे, तह करून घ्यायची ती खंडणी. आता ती फोनवरून मागतात आणि पोलिसांत गुन्हा नोंदवतात. शब्दाची अशी घसरण क्वचितच झाली असेल. विदर्भात खंडाला मक्ता म्हणतात, आणि पीक वाटून घ्यायचं असलं तर बटाई.

आमच्याकडे खानदेशात म्हणतात, शेत ‘नफ्याने’ दिलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, दोघांनी नफा वाटून घ्यायचा असेल. तसं नाही. कसणारा वर्षाची ठरलेली रक्कम मालकाला देतो, पुष्कळदा पेरणीच्या आधीच. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला, सालदार (वर्षभराचे शेतगडी) ठरतात त्याच दिवसांत, हेही बोलणं होतं. पाऊस अजून आलेला नसतो, कापसाचं बी दुकानात असतं, भाव कुणालाच माहीत नसतो. आणि नफा मात्र मोजून झालेला असतो. मालकाचा! इतका प्रामाणिक शब्द मला दुसरा आठवत नाही. नफा कुणाचा हे त्याने आधीच सांगून टाकलंय, आपणच नीट ऐकत नाही.

हा व्यवहार बहुधा तोंडीच असतो. त्याला कारण ‘कूळ’. कूळ म्हणजे घराणं. कसणाऱ्या माणसाला हा घराण्याचा शब्द मिळाला हे विशेषच. पेशवाईत बाहेरून येऊन कसणाऱ्याला ‘उपरी’ म्हणत, आणि वारशाने कसणारा ‘मिरासदार’. पुढे 1948 चा कुळकायदा आला, 1 एप्रिल 1957 ला कृषक दिन ठरला आणि असंख्य कुळं कसत्या जमिनीची मालक झाली. तेव्हापासून कूळ म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो. सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढू नये म्हणून तो कागदच करत नाही. शहरातल्या घरमालकाने हीच युक्ती कागद करून साधली: अकरा महिन्यांचा करार, आणि त्यात भाडेकरू नाहीच, ‘लायसन्सी’ आहे, नुसता राहायची परवानगी मिळालेला.

नफ्याने कसणाऱ्याला तेवढंही नाव नाही. गारपीट झाली की पंचनामा होतो, पीक त्याचं आडवं झालेलं असतं, आणि भरपाई सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जमा होते. मालक भला असला तर त्यातलं काही काढून देतो. या देण्याला कुठल्याच दफ्तरात शब्द नाही. गावात म्हणतात, ‘माणूस चांगला आहे.’