तारखांचा रकाना

त्या दिवशी चाचणीचे पेपर वाटून मी स्टाफरूममध्ये येऊन बसलो, तोच ती दारात येऊन उभी राहिली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी. "सर, दोन मार्कांसाठी नाही आले," ती म्हणाली, "पण ते गणित तसं नाही."

गणित मी घातलेलं होतं, आणि त्यातले आकडे तिचेच होते.

बेळगावात मी बी.कॉम.च्या मुलांना स्टॅटिस्टिक्स शिकवतो. वर्गात मराठी शाळेतून आलेली, कन्नड शाळेतून आलेली, इंग्रजीतून आलेली अशी सगळी मुलं. पुस्तक मात्र इंग्रजी, आणि त्यातली सरावाची गणितं म्हणजे जाहिरातीचा खर्च आणि विक्री, नाहीतर तापमान आणि आइस्क्रीम. मुलं सूत्र पाठ करतात, कॅल्क्युलेटरवर बोटं चालवतात आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. म्हणून मी दरवर्षी सांगतो, घरातले आकडे घेऊन या. वडगावचा एखादा मुलगा मागावरच्या साड्यांचा हिशेब आणतो, उद्यमबागेत वडील कामाला असलेली मुलगी ओव्हरटाइमचे तास आणते.

ही मुलगी तालुक्याच्या पश्चिमेकडची, लाल मातीतली. घरी थोडं रताळ्याचं पीक, आणि वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहितात. आठवड्याला दुकानात किती पिशव्या आल्या आणि क्विंटलला काय दर निघाला, ते तिनं कागदावर उतरवून आणलं होतं. तीन रकाने: तारीख, पिशव्या, दर.

चाचणीसाठी मी ते आकडे सोपे करून घेतले. एक आठवडा तर वगळलाच. आवक बेताची आणि दर सगळ्यांत चढा, उतरवताना चूक झाली असणार असं धरून चाललो. आणि तारखांचा रकाना काढून टाकला. दोन चलांचं गणित, तिसरा रकाना दिसला की मुलं गोंधळतात, असा माझा विचार. उरलं ते असं. आवक, शंभर पिशव्यांचं एक माप धरून: १, २, ३, ५, ६, ७. दर, शंभर रुपयांचं एक माप धरून: १०, ९, ८, १६, १५, १४. आवकेवरून दराची रिग्रेशन रेषा, म्हणजे सगळ्या ठिपक्यांच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा, काढा, उताराचा अर्थ सांगा.

आवकेची सरासरी ४, दराची १२. सरासरीपासूनच्या फरकांच्या गुणाकारांची बेरीज ३२, आवकेच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २८. ३२ भागिले २८, उतार १.१४. सहसंबंध ०.७९, म्हणजे चांगलाच. अर्थ काय, तर शंभर पिशव्या जास्त आल्या की क्विंटलमागे ११४ रुपये दर वाढतो.

माल वाढला की भाव वाढतो! निम्म्या वर्गानं हे वाक्य जसंच्या तसं लिहून पान उलटलं. काहींना पहिल्या वर्षी शिकलेला मागणीचा नियम आठवला असावा: भाव आणि खप उलट दिशेनं हलतात. त्यांनी गणित बरोबर सोडवून उत्तराआधी गुपचूप वजा चिन्ह लावलं होतं. हे पेपर तपासताना मला जास्त वाईट वाटलं. स्वतः केलेल्या बेरजेपेक्षा पुस्तकातलं वाक्य खरं मानायचं, हे आम्हीच त्यांना शिकवलेलं असतं.

तिनं उत्तर १.१४ काढून खाली एक ओळ लिहिली होती: 'हे सहा आठवडे एकत्र घालू नयेत, तारखा वेगळ्या आहेत.' मी त्यावर लाल पेनानं 'प्रश्नात विचारलेलं नाही' असं लिहून दोन मार्क कापले होते.

स्टाफरूमच्या टेबलावर तिनं सुरळी उलगडली. गेल्या वर्षीची दिनदर्शिका, खिळ्याच्या भोकापाशी फाटलेली. चौकटीचौकटीत निळ्या बॉलपेननं पिशव्या आणि दर, वडिलांच्या बारीक अक्षरात. काही चौकटींत ती निळी अक्षरं लाल छपाईवर चढली होती. तिनं त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं. घटस्थापना. मग पानं मागे उलटून, महाशिवरात्र.

"सर, पहिले तीन आठवडे साधे. नंतरचे तीन उपासाचे, दोन नवरात्रातले आणि एक शिवरात्रीचा. उपासाला गिऱ्हाईक असतंय म्हणून सगळा गाव त्याच वेळी रताळी काढतोय. माल जास्त आला म्हणून दर वाढला नाही. उपास आला म्हणून दोन्ही वाढलं की."

मी शेवटच्या तीन आकड्यांवर हात ठेवला आणि नुसते पहिले तीन पाहिले. आवक १, २, ३; दर १०, ९, ८. मग हात अलीकडे सरकवला. ५, ६, ७. १६, १५, १४. दोन्हीकडे उतार उणे एक. सहा ठिपके एका रेषेत ओवले की चढ दिसत होता, आणि दोन्ही गटांत मात्र उतरण होती.

"साध्या आठवड्यांतसुद्धा आवक कमी-जास्त कशानं होते गं?" मी विचारलं.

"पाऊस पडला की रान वाफशावर येईपर्यंत काढणी बंद, सर. मग यार्डात माल नाही."

मी गप्प बसलो. अर्थमापनातला, म्हणजे आकड्यांवरून अर्थव्यवहार तपासण्याच्या शास्त्रातला, एक अवघड धडा तिनं एका वाक्यात सांगितला होता. १९१४ साली अर्थशास्त्रज्ञ हेन्री मूर यांनी अमेरिकेतल्या पिग आयर्नच्या, म्हणजे आपल्या उद्यमबागच्या फाउंड्र्यांत वितळवतात त्याच लोखंडाच्या, आकड्यांवरून मागणीची रेषा काढली. ती वर चढत गेली. लोखंडाची मागणीच तेजी-मंदीबरोबर हलत होती, पुरवठ्याची रेषा त्यामानानं जागेवर. एल्मर वर्किंग यांनी १९२७ साली हा घोळ नीट उलगडला: बाजारातला प्रत्येक ठिपका म्हणजे मागणी आणि पुरवठा जिथं भेटले ती जागा, आणि दोघांपैकी कोण हललं हे ठाऊक नसेल तर ठिपक्यांतून काढलेली रेषा कुणाचीच नसते. पुढच्याच वर्षी फिलिप राइट यांनी वाट दाखवली, पुरवठा हलवणारी पण मागणीला हात न लावणारी एखादी गोष्ट शोधा. जवसासाठी त्यांनी एकरी उतारा घेतला होता. इथं तो परतीचा पाऊस होता. हे सगळं मी शिकलेलो होतो, परीक्षा देऊन पास झालेलो होतो, आणि तरी तारखा मीच पुसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी माझी चूक सांगितली, मग खडू तिच्या हातात दिला. तिनं फळ्यावर तारखांचा रकाना परत लिहिला, आणि शेजारी चौथा: साध्या आठवड्याला ०, उपासाच्या आठवड्याला १. त्याला डमी म्हणतात एवढंच मी सांगितलं. समीकरण मुलांनी मिळून काढलं: दर = ११ − आवक + १० × उपास. म्हणजे तेवढाच माल असला तरी उपासाच्या आठवड्यात क्विंटलमागे हजार रुपये वर. वजा चिन्ह आता आपसूक आलं होतं, कुणी लावलेलं नव्हतं. मागच्या बाकावरचा, एरवी कधी न बोलणारा एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या साड्यांना लगीनसराईचा रकाना पायजे."

शनिवारी पहाटे मी यार्डात गेलो. लाल मातीनं माखलेल्या रताळ्यांचे ढीग, सौदे चालू. एका खरेदीदारानं ढिगातलं रताळं उचलून मधोमध मोडलं. पांढरा चीक थेंबाथेंबानं वर आला, त्यानं मान हलवली आणि बोली दहा रुपयांनी चढवली. तिचे वडील दुकानाच्या कट्ट्यावर पावत्या लिहीत होते, ती शेजारी पिशव्या मोजत होती. मी त्यांना तो वगळलेला आठवडा दाखवला. घटस्थापनेच्या आधीचा, दर चढा. उतरवताना चूक झाली का, विचारलं.

"चूक न्हाई सर," ते म्हणाले. "घट बसायच्या आधीच लॉऱ्या भरतात. पुण्या-मुंबईला माल जाऊन दुकानात लागायला पायजे की. पंचांगात उपास नंतर असतोय, यार्डात आठवडाभर आधी."

तिनं पिशव्या मोजणं थांबवलं, पावतीचा कोरा मागचा भाग पुढे ओढला. सोप्या आकड्यांत तो आठवडा होता आवक ४, दर १७. मी वगळताना मनात त्याला साधा आठवडा धरलं होतं, म्हणून तो चुकीचा वाटला होता. तिनं समीकरण लिहिलं, उपासाच्या जागी १ घातला.

"अकरा वजा चार, अधिक दहा," ती म्हणाली. "सतरा, सर."