तिरकमठा आणि मतलई वारा

माघाच्या पहिल्या आठवड्यात मी अलिबागहून मुरूडच्या एसटीत बसलो. रेवदंड्याजवळ कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून गाडी साळावला उतरली, की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला रानाने भरलेला डोंगर अशी जी सोबत सुरू होते, ती थेट मुरूडपर्यंत सुटत नाही. बहुतेक प्रवासी काशीदच्या पुळणीवर उतरतात. मी पुढे उतरून डोंगराकडे वळलो. फणसाडच्या रानाला लागून असलेल्या एका कातकरवाडीवर एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्या हातचा तिरकमठा, म्हणजे धनुष्यबाण, मी दोन वर्षांपूर्वी एका परिचितांच्या घरी पाहिला होता, आणि तो हातात घेतल्यापासून असा तिरकमठा आपल्याला करता आला पाहिजे, आणि तो हाती धरून पूर्वीची माणसे हरणाच्या जितकी जवळ जात तितके जवळ आपल्याला जाता आले पाहिजे, हा एकच विचार मनात घर करून होता.

हरणाची शिकार करण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ते त्या वृद्ध गृहस्थांना, म्हणजे बाबांना, मी पहिल्याच दिवशी सांगितले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या इतकी व्यापक आहे की मारणे तर राहोच, पण सापळा लावणे, हाकारा करणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हेसुद्धा तिच्यात येते. फणसाड हे तर पूर्वी जंजिरा संस्थानच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान. 1986 साली त्याचे अभयारण्य झाले. म्हणून आम्ही ठरवले ते असे, की तिरकमठा वाडीच्या अंगणाबाहेर न्यायचा नाही, नेम धरायचा तो पेंढ्याच्या भाऱ्यावर, आणि रानात जायचे ते रिकाम्या हातांनी, तेही अभयारण्याबाहेरच्या एका मालकी रानात, मालकांना विचारून आणि वनरक्षकांच्या कानावर घालून. बाबांनी हे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जवळ जायला काय तीर लागतोय?"

वाडीवर सगळेच त्यांना बाबा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. ते मला दादा म्हणत आणि एकेरीत बोलत. त्यांच्या वडिलांनी त्यांना कामठा वाकवायला शिकवले तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे असतील. त्यांचे स्वतःचे मुलगे, सुना आणि नातू मात्र मी गेलो तेव्हा वीटभट्टीवर होते. दिवाळी झाली की वाडीतली कितीतरी घरे कुलूप लावून भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. ज्या महिन्यांत बांबू तोडायचा, वाळवायचा आणि तासायचा, नेमक्या त्याच महिन्यांत शिकण्याच्या वयाची पोरे गावात नसतात. हे मला तिथे राहिल्याखेरीज कळले नसते, आणि कळल्यापासून ते मनातून जात नाही. बाबांच्या ओट्यावर त्या आठ दिवसांत मी ज्या जागी बसत होतो, ती जागा खरे तर त्यांच्या नातवाची होती.

कळक त्यांनी मागल्या हिवाळ्यातच तोडून चुलीवरच्या माळ्यावर धुरात ठेवला होता. तीन पावसाळे पाहिलेला कळकच ते घेतात, कारण कोवळ्याला भुंगा लागतो आणि तो वाकवला की वाकलेलाच राहतो. कोयत्याने उभी फाळणी करून त्यांनी चार बोटे रुंदीची पट्टी काढली आणि माझ्या हातात देताना हिरवट पिवळ्या सालीवरून अंगठा फिरवून सांगितले, की ही कामठ्याची पाठ, हिला हत्यार लावायचे नाही. जे काही तासायचे ते पोटाकडून. बांबूचे चिवट धागे सालीखालीच दाटीने असतात आणि आत जावे तसे ते विरळ होत जातात. दोरी ओढली की पाठीवर ताण येतो आणि पोटावर दाब येतो, तेव्हा ताण सोसणारी बाजू अखंडच राहिली पाहिजे.

हे ऐकूनही माझा पहिला कामठा मीच घालवला. पाठीवर पेराची एक गाठ जरा वर आलेली होती, ती मला डोळ्याला खुपत होती, म्हणून दुपारी बाबा झोपलेले असताना मी ती सुरीने सपाट केली. तिसऱ्या दिवशी दोरी चढवून अर्धी ओढली तोच त्या गाठीपाशी साल उचकटली आणि कामठा फाटला. बाबांनी तुटलेली जागा उन्हात धरली. एकेक धागा नखाने वर उचलून त्यांनी मला दाखवला: गाठीवरून वळसा घेऊन पलीकडे जाणारे धागे होते आणि माझ्या सुरीने ते सगळे मधोमध कापले गेले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी माळ्यावरून दुसरी पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली.

दुसऱ्या कामठ्याला आम्ही तीन दिवस दिले, आणि त्या तीन दिवसांत पाहिलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कामठ्याच्या दोन्ही बाहू सारख्या वाकतात की नाही हे डोळ्याने ठरवणे कठीण असते, कारण बांबूची पट्टी मुळात कुठेच सरळ नसते. बाबा ते सावलीवरून ठरवतात. उन्हे कलली की नुकत्याच सारवलेल्या अंगणात ते उभे राहत, दोरी हळूहळू ओढत, आणि शेणाच्या त्या गुळगुळीत जमिनीवर कामठ्याची लांब, रेखीव सावली पडे. एक बाहू कुठे ताठ राहते आणि कुठे जास्त वाकते हे त्या सावलीत काजळाच्या रेघेसारखे स्पष्ट दिसे. ताठ राहिलेल्या जागेवर ते कोळशाने खूण करत, मग मी फुटक्या बाटलीच्या काचेने पोटाची बाजू खरवडत असे. काचेखालून खोबऱ्याच्या किसासारखे बारीक कुरळे तुकडे पडत. पाच-सहा वेळा खरवडायचे, वीस-तीस वेळा ओढून बांबूला नव्या आकाराची सवय लावायची आणि पुन्हा सावली पाहायची. घाईने जास्त खरवडले तर ते भरून काढता येत नाही. मग दुसरी बाहूही तितकीच उतरवावी लागते आणि कामठ्याचा जोर कमी होतो. शेवटी ताणकाटा अडकवून पाहिले, तेव्हा 24 इंच ओढीला 16 किलो भरले.

दोरी मुरुडशेंगेच्या सालीची. ओढ्याच्या पाण्यात कुजवून काढलेला वाख बाबांच्या घरात होताच. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आईने, तो मांडीवर वळून दोन पदरी पीळ भरून दिला. तीर चिवारीच्या बारीक काठ्यांचे, निखाऱ्यावर शेकून सरळ केलेले. पिसे कोंबड्याची, पण एका तीराला तिन्ही पिसे एकाच बाजूच्या पंखाची, कारण डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसांचा बाक उलट असतो आणि ती मिसळली तर तीर भरकटतो. टोकाला लोखंड नव्हते, बाभळीच्या लाकडाचा बोथट गोळा होता.

या सगळ्याकडे मी ओढला गेलो तो इशीच्या हकिगतीमुळे, हे इथे सांगितले पाहिजे. उत्तर कॅलिफोर्नियातल्या 'याही' नावाच्या जमातीचा तो शेवटचा माणूस, 1911 साली ओरोव्हिल गावाजवळ एकटाच, उपाशी अवस्थेत सापडला आणि 1916 साली क्षयाने गेला. मधल्या वर्षांत त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि हरणाच्या जवळ जायला शिकले, आणि अमेरिकेत आज परवाना काढून हाताने केलेल्या धनुष्याने हरणाची शिकार करणारे जे लोक आहेत, ते या दोघांना आपले गुरू मानतात. इशीचे धनुष्य जुनिपरच्या लाकडाचे, पाठीवर हरणाचे स्नायू चिकटवलेले असे होते. आमचा कळक ते काम स्वतःच्या सालीने करतो. शिकारीला जाण्याआधी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे आणि अंघोळ करून निघत असे. त्यामुळे रानात जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी आईला "आज सुकट भाजू नको" असे सांगितले आणि स्वतःची विडीही दुपारपासून बंद ठेवली, तेव्हा मी चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहिलो. समुद्रकाठच्या घरात सुकटीचा वास कपड्यांत, केसांत, गोधडीत मुरलेला असतो. माझा निळा सदराही त्यांनी काढायला लावला. हरणाला तांबडा रंग नीट ओळखू येत नाही, पण निळा मात्र चांगलाच दिसतो, हे मी पुस्तकात वाचले होते. बाबांनी ते "निळं त्याला टोचतं" एवढ्याच शब्दांत सांगितले.

पेंढ्याच्या भाऱ्यावर राखेचा ठिपका काढून मी रोज सकाळ-संध्याकाळ तीर सोडत होतो. दहा पावलांवरून बरे जमू लागले, वीस पावलांवरून दहात सहा-सात. मी तीस पावलांवर सरकलो की बाबा मला हाताला धरून पुढे आणत. त्यांचे म्हणणे खरे होते, आणि त्याचा हिशेबही सोपा आहे. अशा कामठ्याचा तीर सेकंदाला साधारण 40 मीटर जातो, म्हणजे 20 मीटर जायला त्याला अर्धा सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला 340 मीटर जातो. आवाज आधी पोचतो, हरीण उडी घेण्यासाठी अंग खाली दाबते, आणि नीट धरलेला तीर पाठीवरून निघून जातो किंवा नको तिथे लागतो. तीर बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो. तो फुप्फुसात लागला नाही तर जनावर जखम घेऊन मैलोगणती जाते आणि कुठेतरी झाडीत तडफडून मरते. म्हणून जवळ जाता येत नसेल त्याने कामठा उचलू नये, असे बाबांचे वडील सांगत.

जवळ जाण्याची सगळी किल्ली वाऱ्यात आहे, आणि कोकणातला वारा दिवसातून दोनदा फिरतो. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. रात्रभर जमीन निवते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, म्हणून पहाटे वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. ऊन तापले की तो पडतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. म्हणजे पहाटे समुद्राला पाठ करून डोंगर चढावा आणि दुपारनंतर डोंगरावरून समुद्राकडे उतरावे. बाबा चिमूटभर चाळलेली राख पुरचुंडीत बांधून बरोबर घेतात आणि दर थोड्या वेळाने बोटांतून सोडून पाहतात.

शेवटच्या तीन पहाटे आम्ही त्या मालकी रानात गेलो. पहिल्या दिवशी लांबून भेकराचे, म्हणजे त्या रानातल्या लहान हरणाचे, भुंकणे तेवढे ऐकू आले. दुसऱ्या दिवशी माझ्या पायाखाली सागाचे पान वाजले आणि झुडपातून काहीतरी निघून गेले. तिसऱ्या दिवशी दंव भरपूर पडले होते, त्यामुळे पाचोळा मऊ होता. पाऊल टाकताना आधी तळव्याची बाहेरची कड टेकवायची, खाली काडी नाही याची खात्री करायची, मग भार द्यायचा. तीन-चार पावले गेली की थांबायचे, आणि थांबणे चालण्यापेक्षा लांबवायचे. दोनशे पावले चढायला आम्हाला तासाहून अधिक वेळ लागला.

एका आवळ्याखाली बाबा वाकले आणि त्यांनी एक मूठभर बियांची रास दाखवली. भेकर आवळे अख्खे गिळते आणि पुढे कुठेतरी निवांत बसून रवंथ करताना आठळ्या तोंडातून टाकते. त्या रासेतल्या वरच्या बिया अजून ओल्या होत्या. बाबांनी बोट वर केले. पुढे उंबराच्या खोडाजवळ भेकर उभे होते.

ते नर होते. तांबूस अंग, कपाळावर शिंगांच्या मुळापासून नाकाकडे उतरलेल्या दोन काळ्या रेघा, वरच्या ओठाखालून जेमतेम दिसणारा सुळा. मी दोन हात जमिनीला टेकून एकेक वीत पुढे सरकत राहिलो. ते खाली पडलेले काहीतरी टिपत होते, मान उचलत होते, कान एक पुढे आणि एक मागे असे फिरवत होते. त्याच्या ओल्या नाकपुड्या हलताना मला दिसत होत्या. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग माझ्या मानेच्या मागच्या बाजूला गार, खारट झुळूक लागली. भेकराने डोके वर केले, पुढचा खूर एकदा आपटला, शेपटीखालचे पांढरे उघडे पडले, आणि ते भुंकत भुंकत वर निघून गेले. त्याचे भुंकणे कितीतरी वेळ डोंगरात घुमत होते.

मी पावले मोजली, सतरा भरली. मी आनंदाने बाबांकडे पाहिले, तर ते उंबराच्या खोडाकडे पाहत होते.

"वारा फिरायच्या आधी दोनदा त्याचं डोकं खोडाआड गेलं होतं," ते म्हणाले. "तू तेव्हा पुढं सरकत होतास. तेव्हा हात उचलायचा असतो."

त्यांनी मला होतो तिथेच बसवले आणि स्वतः भेकराच्या जागी जाऊन वाकून उभे राहिले. मी रिकामा डावा हात पुढे करून, उजवा कानापर्यंत ओढून दाखवायचा, आणि हालचाल त्यांना दिसली की त्यांनी पाचोळ्यावर टाच आपटायची. पहिल्या चार वेळा त्यांनी टाच आपटली. पाचव्या वेळी मी त्यांचे डोके खोडाआड पूर्ण जाईपर्यंत थांबलो, श्वास सोडला आणि हात उचलला, ते बाहेर आले, माझ्या ओढलेल्या हाताकडे त्यांनी नीट पाहिले, आणि पुन्हा खोडाकडे वळून म्हणाले, "अजून एकदा कर."