आयर्विनचा उच्चार

भाच्याच्या शाळेनं सुट्टीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी धाडली आहे. गोष्टींची आठ इंग्रजी पुस्तकं, प्रत्येकापुढं पालकांची सही. सही करायची तर आधी ऐकायला पाहिजे, म्हणून काल दुपारी जेवणं झाल्यावर वहिनीनं त्याला माझ्यापुढं आणून बसवलं. "ताई, तुमचं इंग्रजी चांगलंय." चांगलं आहे हे खरं, पण ते वाचायचं, बोलायचं नव्हे. हे काही मी तिला सांगत बसले नाही.

सांगलीतली मे महिन्याची दुपार. पंखा गरम हवा इकडची तिकडं करत होता आणि पोराच्या पुस्तकात बर्फ पडत होता. मी सवयीनं त्याच्यापुढं बेदाण्यांची वाटी ठेवली.

"आत्या, हे कशाला?"

कशाला म्हणजे? शब्दाला एक.

गावभागातल्या आमच्या घरी हाच दर होता. पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या मराठी शाळेतल्या पोरांचं इंग्रजी दोन महिन्यांच्या सुट्टीत काळं पडतं, असं आजोबांचं ठाम मत. "भांड्याला लागते तशी भाषेलाही कल्हई लागते," म्हणायचे. आणि कल्हईवाला नेमका त्याच दिवसांत बोळाच्या तोंडाशी भाता लावून बसायचा. पातेलं तापलं की नवसागराची चिमूट, पांढरा धूर, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं असा काही हात मारायचा की आतून चांदी वर आल्यासारखी वाटे. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र. मी ओसरीवर रीडर्स डायजेस्टचा जुना अंक मांडीवर घेऊन बसलेली, एक डोळा भात्याकडं. "लक्ष कुठाय?" आजोबा मान वर न करता विचारायचे.

अंक रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेले. शेजारी वीरकरांची डिक्शनरी आणि दोनशे पानी वही. नवा शब्द अर्थासकट वहीत उतरवला की एक बेदाणा. तासगावचा, त्याच हंगामातला, हिरवट. स्पेलिंग दहा अक्षरांवर गेलं तर दोन. त्यामुळे मी बारके शब्द ओलांडून लांबलचक शब्दांच्या मागं लागायची. कधी आधीच्या पानावरचाच शब्द पुन्हा खपवायची, आणि आजोबांना ते कळत नाही असं मला वाटायचं. अजूनही वाचताना विनाकारण मोठा शब्द आला की माझ्या तोंडात गोड येतं.

उच्चार मात्र आमचे आमचे. घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही, आणि आजोबांचंही इंग्रजी डोळ्यांनीच शिकलेलं. रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या की ते आवाज बारीक करायचे. आयलंडचं इस्लँड. यॉटचं याच्ट. आणि सगळ्यात रुबाबदार कोलोनेल. डायजेस्टातल्या युद्धाच्या गोष्टींत हा सारखा भेटायचा. बातम्यांत येणारे लष्करातले कर्नल ते वेगळे. कर्नल आणि कोलोनेल हे दोन हुद्दे असतात आणि कोलोनेल वरचा, अशी माझी बारावीपर्यंत समजूत होती. कॉलेजात एकदा मोठ्यानं वाचायची पाळी आली तेव्हा कोलोनेल पायउतार झाला. मागची दोन बाकं पोटभर हसली. पुढं कळलं की या शब्दाचं स्पेलिंग इटालियन वळणाचं आणि उच्चार जुन्या फ्रेंच रूपावरचा. म्हणजे त्या लोकांचाच घोळ, आणि हसू माझं.

पोराच्या पुस्तकात काल एक पूल आला. मी म्हटलं, "आपल्या आयर्विनसारखा."

"आत्या, ते अर्विन आहे. लॉर्ड अर्विन."

बरोबर आहे त्याचं. व्हाइसरॉय अर्विनच. पण 1929 साली पूल झाला तेव्हा इथल्या कुणीतरी 'आय'ला आय म्हटलं असणार आणि तेच सगळ्या गावाच्या तोंडी बसलं असणार. घरी जाऊन त्याला बेदाणाही मिळाला असेल. मी म्हटलं, "रिक्षावाल्याला अर्विन पुलावर ने म्हणून सांगून बघ. विश्रामबागेत नेऊन सोडेल." त्याला काही पटलं नाही. मोबाइल उघडून तो मला एका बाईच्या आवाजात ते नाव ऐकवायला लागला.

पण ती बाई इथं पावसाळ्यात कधी राहिलेली नाही. कृष्णेला पाणी चढायला लागलं की गाव एकमेकांना एकच विचारतं, आयर्विनला किती फूट? 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर गेलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. खालच्या कपाटात वीरकर होते, डायजेस्टचे गठ्ठे होते, आजोबांच्या देखरेखीखाली भरलेल्या वह्या होत्या. पाणी उतरल्यावर पहिली वही उघडायला गेले तर ती उघडेचना. सगळी पानं एक झालेली. कडेला शाई तेवढी निळी फुटली होती.

पोरानं तोवर पुस्तक संपवलं होतं. एकाही शब्दाला अडला नाही, त्यामुळे दर लावायचा कशाला हाच प्रश्न. वाटी माझ्याकडं सरकवत म्हणाला, "मला किसमिस आवडत नाही."

सही केली. वाटी मी संपवली.