आमची वाटचाल : ओम्नी ते इको, आणि ओझ्याचा हिशेब

इंदूरच्या रामबागेतल्या एका खोलीत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करायला सुरुवात झाली तेव्हा माल पोचवायला सायकल आणि लूना पुरत होत्या. सियागंजातून कच्चा माल आणायचा, शहरातली मराठी घरं आणि पाच-सात दुकानं करायची, एवढाच पसारा. पुढे महू, देवास, उज्जैनची दुकानं जोडली गेली आणि मारुतीची सेकंडहँड ओम्नी व्हॅन आली. २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादनच थांबलं, म्हणून पुढची गाडी इको घेतली. मालवाहू, कारखान्यातूनच सीएनजी बसवलेली. आमच्यासारख्या घरगुती उद्योगात कच्चा माल आणि पगार सोडले तर मोठा खर्च गाडीचाच. तो पंपावरच्या भावावर ठरतो असं सगळ्यांना वाटतं. आमच्या मते तो गाडीत किती वजन आहे आणि ते कुठे ठेवलंय यावर जास्त ठरतो. टायर, ब्रेक, क्लच, मायलेज, सगळे त्या वजनाच्या मागोमाग जातात.

किती भरायचं हे आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, लिहिलेलं असतं. ग्रॉस व्हेइकल वेटमधून (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं) वजा केलं की जे उरतं त्यात माल, ड्रायव्हर आणि मदतनीस, सगळे आले. दोन माणसांचे सव्वाशे-दीडशे किलो आधीच गेले, हे लोक विसरतात. अंदाजावर जाऊ नये. पहिल्याच महिन्यात नेहमीसारखा माल भरून गाडी धर्मकाट्यावर, म्हणजे वाहनं तोलायच्या काट्यावर, न्यावी आणि दोनदा तोलावी : एकदा चारही चाकं काट्यावर, एकदा फक्त मागची दोन. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या आसावर) जास्त भार पडलेला असू शकतो, आणि तो दुसऱ्या तोलातच कळतो.

इकोच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २३५० मिमी आहे. १०० किलोचं सामान मागच्या दाराला टेकवून, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे ठेवलं, तर तराजूच्या नियमाने पुढच्या चाकांवरचं १७ किलो वजन कमी होतं आणि मागच्या चाकांवर ११७ किलो पडतं. स्टिअरिंग हलकं लागतं (ड्रायव्हर खूश होतो, होऊ नये), पुढच्या चाकांची पकड घटते, हेडलाइट वर उचलले जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून तेलाचे डबे आणि बेसनाची पोती ड्रायव्हरच्या पाठीमागच्या जाळीला चिकटवून, खाली. त्यांच्यामागे मसाल्याचे खोके. दारापाशी पापड-कुरडयांसारखा हलका माल. अडचण अशी की जे दुकान पहिलं, त्याचा माल दाराशी हवा असतो. त्यावर उपाय एकच : पहिल्या दुकानाचा जड माल सरकत्या दाराच्या बाजूने, जाळीपाशीच ठेवायचा आणि तिथूनच उतरवायचा.

डबे मोकळे ठेवू नयेत. गाडी ५० च्या वेगावरून अचानक थांबते, डबा थांबत नाही. जाळी त्याला अडवेल, पण झाकण उडून तेल गाडीभर होईल. कमरपट्ट्यासारखे ओढून घट्ट होणारे रॅचेट बेल्ट दोन पुरतात. सुतळी चालत नाही. माल थोडा उतरला की ती सैल पडते आणि पुन्हा कोणी बांधत नाही.

नव्या गाडीचे पहिले १००० किलोमीटर पूर्ण भार टाकू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी जुळायच्या असतात. या काळात इंजिनावर जोर देणं वाईट, आणि तासन्तास एकाच वेगाने चालवणंही तितकंच वाईट. वेग कमी-जास्त होत राहील असा शहर आणि थोडा हायवे असा रस्ता उत्तम. नव्या टायरवर साच्यातून काढताना लावलेल्या द्रव्याचा थर राहिलेला असतो, ब्रेकचे पॅडही डिस्कला नीट बसलेले नसतात, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवावं. १००० आणि ५००० किलोमीटरच्या मोफत सर्व्हिस 'गाडी तर नवीच आहे' म्हणून टाळू नयेत.

हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात. पंपावरचा मुलगा चारही चाकांत एकच आकडा भरतो, तो ऐकू नये. हवा सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने बघावी. देवासला जाऊन आल्यावर तीच हवा तीन-चार पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दिसते. ती जास्त आहे म्हणून काढून टाकली की टायर थंड झाल्यावर कमी भरते. कमी हवेवर भरलेली गाडी चालली की टायरची बाजू प्रत्येक फेरीत मुडपते, तापते, आणि मे महिन्यात बायपासवर फुटते. झीजही बोलते : दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट गेलं. खाचा १.६ मिमी उरल्या की कायद्यानेच टायर बाद. पण आम्ही ३ मिमीला बदलतो, आणि तेही पावसाच्या आधी. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराने 'नवा' म्हणून दिलेला टायर किती दिवस गोदामात पडून होता हे तिथे दिसतं. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा.

सीएनजीबद्दल थोडं सविस्तर, कारण मसाल्याच्या गाडीत तो वेगळाच विषय आहे. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात उग्र वास मिसळलेला असतो. पण गाडीत हिंग, लसूण चटणी आणि भाजलेला मसाला असेल तर त्या वासाचा काय पाड लागणार! नाकावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून दर सोमवारी, गाडी रिकामी असताना, साबणाचं पाणी ब्रशने सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर आणि हाताला येणाऱ्या सांध्यांवर लावायचं. बुडबुडे दिसले तर व्हॉल्व्ह बंद करायचा, गाडी पेट्रोलवर घालून कंपनीच्या वर्कशॉपला न्यायची. पाना घेऊन आपण सांधा आवळायचा नाही. आत २०० बारपर्यंत दाब असतो. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो छताखाली साठतो. शंका आली तर आधी सगळी दारं उघडावीत. मोबाइल आणि गाडीतले दिवे नंतर. भरताना इंजिन बंद आणि सगळे खाली. भर उन्हात भरलेला गॅस तापलेला असतो, २०० बारला पंप थांबतो पण किलो कमी बसतात. सकाळी भरलेला बरा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी, तारीख त्याच्यावरच्या पट्टीवर असते.

गॅसवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणारे बरेच आहेत. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. कोरड्या टाकीत तो जळतो. पाव टाकी कायम ठेवावी आणि रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवावी. उलट भरून सहा महिने ठेवणंही चूक, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. गॅसला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे स्पार्क प्लग लवकर थकतात. चढावर भरलेली गाडी झटके द्यायला लागली की आधी प्लग बघावेत, गॅसच्या किटला नंतर दोष द्यावा. एअर फिल्टर चोंदला तर गॅसवर फरक लवकर जाणवतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही. आतून बाहेर हलकी हवा मारायची, आणि करडा पडला की बदलायचा.

गॅसवर ताकद सुमारे दहा टक्के कमी मिळते. शहरात कळत नाही. खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे माळव्याचं पठार संपून निमाडात उतरायचं असतं, किंवा मानपूरचा घाट उतरून धामनोदकडे जायचं असतं, तिथे परत येताना कळते. चढाला पेट्रोल घेतलेलं चांगलं. पण खरा धोका उताराचा. ज्या गिअरमध्ये ही गाडी चढ चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरवायची, म्हणजे दुसरा किंवा तिसरा. न्यूट्रल करून गाडी सोडली की इंधन वाचतं ही कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत आहे. इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंधनच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, वर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सारखा दाबून तापला की तो दाबूनही गाडी थांबत नाही. जळका वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबावं, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्यावं. चाकावर पाणी ओतू नये, डिस्क वाकते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते. त्यामुळे ते दोन वर्षांनी बदलायचंच, दिसायला स्वच्छ असलं तरी.

सपाट रस्त्यावरही ६० ला एक सेकंद विचारात जातो तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या रस्त्यावर ब्रेकने आणखी वीसेक मीटर, ओल्यावर पस्तीसच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट. आणि ही गाडी डब्यासारखी चौकोनी, ६५ च्या वर हवाच तिला अडवते, मायलेज झपाट्याने पडतं. उज्जैनला दहा मिनिटं लवकर पोचून ते वसूल होत नाही.

राजवाड्याच्या बाजारात क्लच मरतो. कारण एकच, हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर न्यूट्रल आणि हँडब्रेक. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, असं झालं की क्लचची प्लेट संपत आली. मागच्या चाकांवर चालणारी गाडी असल्यामुळे प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, आणि डिफरन्शियल (ती ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारी गिअरपेटी) हेही आपल्याच खात्यात. रिव्हर्समधून पहिला टाकल्यावर खालून 'कट्ट' आलं तर क्रॉस बघावा. तो शंभर-दोनशे किलोमीटर चालवून घेण्याची वस्तू नाही. आणि पावसात पाण्यातून गाडी काढली असेल तर डिफरन्शियलचं ऑइल तपासावं. दुधाळ दिसलं म्हणजे पाणी शिरलं. मुळात अर्ध्या चाकाच्या वर पाणी असेल तर गाडी घालूच नये. पाण्यातून बाहेर आल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत जावं म्हणजे तो कोरडा होतो.

पावसात भरलेली गाडी डांबरावरून खाली काळ्या मातीत उतरवू नये, चाक ॲक्सलपर्यंत रुततं. रिकामी गाडी निराळंच वागते : मागे वजन नसल्यामुळे ओल्या वळणावर शेपूट सरकतं. माल उतरवून परतताना ड्रायव्हर मोकळा झालेला असतो आणि नेमकी तेव्हाच पकड कमी असते. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली थरथरतं. घाबरून पाय काढायचा नाही, दाबून ठेवायचा आणि गाडी वळवायची.

उंदरांचं कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. पिठाची गाडी म्हटली की ते येणार, आणि पिठावर भागलं नाही की सीटखालच्या वायरी कुरतडणार. संध्याकाळी केरसुणीने गाडी झाडायची, रात्री माल ठेवायचा नाही, आठवड्यातून एकदा सीट उचलून बघायचं. तिथेच इंजिन आहे, ऑइलची काडीही त्याच वेळी बघून होते. गाडी सपाट जागी, बंद करून पाच मिनिटं झाल्यावर. वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरलं तर फेस होतो, ते कमी असण्याइतकंच वाईट. कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीच नाही. त्यातल्या क्षारांनी रेडिएटर चोंदतो.

कागदपत्रांत फार गुंता नाही. ३००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स चालतं. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, मग दरवर्षी. पीयूसी पहिल्या वर्षानंतर.

डॅशबोर्डवर एक वही असते. गॅस भरला की मीटर, किलो आणि त्या दिवशी भरलेलं वजन. ८.२ किलोत १६४ किलोमीटर झाले तर किलोला २०. कंपनीच्या आकड्याशी तुलना नको, गेल्या महिन्यातल्या आपल्याच आकड्याशी करावी. दहा टक्क्यांहून जास्त पडलं तर क्रमाने बघायचं : हवा, मग चाकं हाताने चाचपायची (एकच चाक जास्त गरम म्हणजे तिथला ब्रेक चिकटतोय), मग एअर फिल्टर, मग प्लग. वजनाच्या खान्याकडे बघितल्याशिवाय यातलं काहीच करू नये. पुष्कळदा उत्तर तिथेच असतं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात महूचा माल एका खेपेत मावतो, मर्यादेत बसत नाही. त्या आठवड्यात महूला दोन खेपा होतात, पहिली सकाळी सातला.