एप्रिलमधली पावडर: यंदा आंडरमाटच का?

ईस्टरनंतर आल्प्समध्ये स्कीइंगसाठी पावडर, म्हणजे ताजा, कोरडा, भुसभुशीत बर्फ, मिळते का, हा प्रश्न आपल्यातलं कुणी ना कुणी दरवर्षी विचारतं. मिळते. पण जानेवारीत जागा निवडायचे जे ठोकताळे असतात, ते एप्रिलमध्ये कामाला येत नाहीत. म्हणून यंदाच्या नोंदीत जागा कशी ठरवली यावरच जास्त लिहितोय. माझी खरी प्रगतीही यंदा तिथेच झाली आहे.

आधी उन्हाचा हिशेब. स्वित्झर्लंडमधल्या आंडरमाट या गावात डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 20 अंश वर येतो. थेट उत्तरेकडे तोंड असलेल्या 30 अंशांच्या उताराला तेव्हा ऊन लागतच नाही. एप्रिलच्या मध्यावर तोच सूर्य 53 अंशांवर जातो आणि त्याच उतारावर 23 अंशांच्या कोनात ऊन पडतं. म्हणजे नुसता ‘उत्तर उतार’ बघून भागत नाही, जोडीला उंचीही हवी. शिवाय एप्रिलमध्ये सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, त्यामुळे ईशान्येकडचे उतार सकाळी लवकरच तापायला लागतात. मी आता उत्तर ते वायव्य एवढाच पट्टा धरतो, तोही 2500 मीटरच्या वर आणि दुपारच्या आत.

या चाळणीतून नेहमीची नावं गाळून बघितली. झरमॅटला केबल कार 3883 मीटरपर्यंत जाते, पण त्या उंचीवरचा बराच भाग म्हणजे सौम्य उताराची हिमनदी, आणि पिस्ट (स्कीसाठी सपाट करून आखलेली वाट) सोडली की खाली भेगा. व्हाल तोराँसचं गावच 2300 मीटरवर आहे, त्यामुळे बर्फाची चिंता नाही. गर्दीची मात्र आहे. लिफ्टजवळची पावडर दुपारपर्यंत पार तुडवून होते. ला ग्राव्ह माझं स्वप्न आहे: 3200 मीटरवर उतरायचं, आणि जवळजवळ अख्खा डोंगर ऑफ-पिस्ट. पण तिथे गाइडशिवाय जायची माझी तयारी नाही, आणि एप्रिलमध्ये खालचे काहीशे मीटर ओल्या, जड बर्फातून काढावे लागतात. एंगेलबर्गच्या लाउब या उताराचंही तेच. वर सुंदर, खाली चिखलासारखं. (तिथल्याच टिटलिस शिखराच्या केबल कारमध्ये मात्र सहलीला आलेल्या काका-मावश्यांचं मराठी कानावर पडतं. ते मला दर वेळी मनापासून आवडतं.)

आंडरमाटचं बलस्थान वेगळं आहे. हे गाव आल्प्सच्या मुख्य जलविभाजकाला अगदी लागून आहे. वायव्येकडून वारा आला की उत्तर आल्प्सवर बर्फ पडतो. भूमध्य समुद्रावर, जेनोआच्या आखाताजवळ कमी दाबाचा पट्टा झाला की दक्षिण बाजू भरते. आंडरमाटला दोन्हींचा वाटा मिळतो. गावाजवळच्या गेम्सश्टॉक डोंगराची केबल कार 1444 मीटरवरून दोन टप्प्यांत 2961 मीटरवर नेते आणि समोर उत्तरेचा मोठा, सावलीतला उतार असतो. झुरिकहून ट्रेनने साधारण दोन तास. एप्रिलमध्ये मला हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण निर्णय आदल्या संध्याकाळपर्यंत लांबवता येतो.

म्युनिकचा मित्र म्हणाला, “अरे, आधी हॉटेल तरी घे.” घेतलं, पण रद्द करता येईल असंच. निर्णय होईपर्यंत रोज तीनच गोष्टी बघत होतो: 3000 मीटरवरचा वारा कुठून येतोय, शून्य अंशाची पातळी किती उंचीवर आहे, आणि रात्री आकाश मोकळं राहणार का. तिसरी गोष्ट बरेच जण सोडून देतात. आकाश निरभ्र असलं की बर्फ रात्रभर उष्णता बाहेर टाकतो आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी पृष्ठभाग गोठतो. ढगाळ रात्री तो गोठत नाही. मग सकाळी खालचे उतार आधीच सैल झालेले असतात.

दावोसच्या एसएलएफ संस्थेचं हिमस्खलनाचं पत्रक संध्याकाळी पाच वाजता येतं, सकाळी आठला पुन्हा. वसंतात त्यात कोरड्या आणि ओल्या हिमस्खलनाचा धोका बरेचदा वेगवेगळा दिलेला असतो. सकाळी कोरड्याची पातळी, दिवस चढला की ओल्याची. पाचपैकी पातळी 3 म्हणजे ‘मधली, चालेल’ असं कृपया समजू नका. स्वित्झर्लंडमध्ये सर्वाधिक जीव याच पातळीला जातात. आमच्या दिवशी ताज्या बर्फासाठी 3 होती, म्हणून 30 अंशांच्या पुढचं सगळं वगळलं. स्विसटोपोच्या नकाशात 30 अंशांपासून उतारांना रंग दिलेले असतात, पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत. आम्ही पांढऱ्यातच राहिलो, आणि पिवळ्या-नारिंगी उतारांच्या पायथ्यापासूनही लांब. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नल-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं आम्हा तिघांकडेही होतं. खाली वाहनतळावर एकमेकांचे सिग्नल तपासूनच केबल कारमध्ये चढलो.

आता बर्फाबद्दल. वर हातमोज्याने उचलला तर मुठीत गोळा होत नव्हता, पिठासारखा सांडत होता. पहिली वळणं अगदी हलकी, आवाज नाही. साधारण 2400 मीटरच्या खाली तो जड व्हायला लागला, आणि मधल्या स्टेशनच्या, म्हणजे 2212 मीटरच्या आसपास वर पातळ पापुद्रा, खाली मऊ. यंदा सराव केला तो याच थरासाठी: दोन्ही स्कींवर सारखं वजन, वळण घाईने न ओढता मोठं आणि गोल, खांदे उताराच्या दिशेने. पूर्वी अशा बर्फात मी मागच्या बाजूला रेलायचो. आता 105 मिलिमीटर रुंदीच्या स्कींवर मधोमध उभं राहून उतरता येतं. खोल पावडरपेक्षा याचाच आनंद मला जास्त झाला.

अकराच्या सुमाराला पातळ ढग आले. ऊन मंदावलं म्हणून बरं वाटेल, पण होतं उलटं. असे ढग बर्फातून निघणारी उष्णता अडवतात आणि ऊन सगळीकडून पसरून येतं, त्यामुळे सावलीतला बर्फही झपाट्याने ओला होतो. स्की-पोल मुठीपर्यंत आत जायला लागला तसे आम्ही पिस्टवर आलो आणि त्या दिवशीचं ऑफ-पिस्ट तिथेच संपवलं. गुस्पिसच्या दरीतून होस्पेंटालला उतरायचा बेत पुढच्या खेपेला, गाइडबरोबर.

सुट्टीच्या तारखा पक्क्या असतील आणि गाव आधीच ठरवावं लागणार असेल, तर मी व्हाल तोराँस किंवा तीन्यसारखं उंचावरचं गाव घेईन आणि पावडर नाही मिळाली तर सकाळी दहाच्या सुमाराला दक्षिण उतारांवरचा, रात्री गोठून वरून जरा सैल झालेला दाणेदार बर्फ स्की करेन. तोही फार सुंदर असतो, आणि त्याचं वेळापत्रक पावडरपेक्षा कितीतरी भरवशाचं आहे.