आई पायथ्याशी, मी वर

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून आमचं ठरलेलं आहे. रविवारी सकाळी दोघी नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर (पांडवलेण्यांवर) निघतो, पण ती पायथ्याच्या बुद्धविहारात थांबते आणि मी पायऱ्या चढते. "तू जाऊन ये गं, मी बसते इथंच."

हा विहार मला आधी अजिबात आवडायचा नाही. 2,000 वर्षांच्या लेण्यांखाली एवढा मोठा नवा घुमट कशाला, असं वाटायचं. मत बदललं ते 20 नंबरच्या लेण्यात.

तिथला शिलालेख सांगतो की बोपकी नावाच्या यतीने हे लेणं सुरू केलं. ते बरीच वर्षं अर्धवट पडून राहिलं, आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या 7व्या राज्यवर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने ते पुरं करून घेतलं. पुढे काही शतकांनी मागची भिंत आणखी आत खोदली गेली आणि तिथे भलीमोठी बुद्धमूर्ती कोरली गेली. आपण ज्या मूर्तीपुढे हात जोडतो ती वासूने पाहिलेलीच नाही! तिच्या लेण्यात ती नवीनच भर.

बाजूच्या खोल्यांत भिक्षूंचे दगडी ओटे आहेत. लहानपणी माझे पाय दुखले की आई मला अशाच एका ओट्यावर टेकू द्यायची. भर उन्हाळ्यातही थंडगार.

आता तिला तिथवर आणता येत नाही. कधीकधी मनात येतं, लिफ्ट असती तर? पण त्यासाठी कातळ फोडायचा, आणि फोडलेला कातळ काही परत सांधत नाही. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम नाही, त्यापुढे 200 मीटरपर्यंत परवानगी घेऊनच, हा कायदा मला म्हणूनच मनापासून पटतो. नवं बांधा, पण खाली बांधा. वरून घुमट दिसतो, पण डोंगर झाकत नाही. शिवाय आत शांत बसायला जागा आहे, चढवत नाही त्या सगळ्यांना.

परवा उतरून आले तर आई शेजारच्या अनोळखी बाईंना सांगत होती, "वर वीस नंबरला जा बरं का. वासू नावाच्या बाईने पुरं केलंय ते."