पोंग्यात एकच अळी

पारोळ्याजवळ मक्याचा पोंगा, म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं, उघडून दाखवताना एक काका म्हणाले, "एकच अळी शे, काय व्हई?" हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

लष्करी अळीची मादी एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते. मग बाकीच्या गेल्या कुठे? काही धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं शेजारच्या ताटांवर जातात. ज्या उरतात, त्या वाढीच्या तिसऱ्या अवस्थेपासून एकमेकींना खायला लागतात. म्हणजे आपल्याला दिसते ती भावंडं खाऊन उरलेली, धष्टपुष्ट. वर भुशासारख्या विष्ठेचं बूच, फवारा आत पोचतच नाही.

म्हणून अळ्या लहान असतानाच, पानावर खरवडल्यासारखे पांढुरके चट्टे दिसले की लगेच 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यात. अंडीपुंज तर हातानंच चिरडायचा.

तुमच्याकडे पोंगे उघडून बघायला कधी सुरुवात करतात?